साधनांची वर्णने : एका उपेक्षित लेखनप्रकाराचा इतिहास

वाङ्मयाच्या इतिहासकारांनी काव्य, नाटक, बखर, चरित्र, निबंध या सर्वांची दखल घेतली; पत्रव्यवहार आणि रोजनिशी यांनाही मानाचे पान दिले. परंतु एक लेखनप्रकार असा आहे की, जो रोज लक्षावधी ठिकाणी वाचला जातो, ज्याच्यातील एखादा शब्द चुकला तर कामे अडून बसतात, आणि तरीही ज्याचा कर्ता कोण हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. तो प्रकार म्हणजे साधनाचे वर्णन. एखादे हत्यार, एखादे यंत्र अथवा संगणकावरील एखादी आज्ञा कशासाठी आहे, तिला काय द्यावे लागते आणि तिच्याकडून काय मिळते, हे ज्याने ती कधी पाहिलेली नाही अशास दोन-चार ओळींत सांगणे, एवढेच या लेखनाचे काम. काम लहान दिसते; आणि आम्हीही ते पुष्कळ वर्षे लहानच समजत होतो. अलीकडे मात्र या ओळींना एक नवा वाचक लाभला आहे, आणि तो वाचक मनुष्य नाही. तेव्हा या लेखनाचा इतिहास एकदा मांडून पाहावा असे आम्हांस वाटू लागले.

विषयात शिरण्यापूर्वी घरातलेच एक उदाहरण घेऊ. फडताळात एकाच मापाचे पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले असतात. घरच्या बाईंना त्यांवरील चिठ्ठ्यांची गरज नसते. कोणत्या डब्यात काय आहे हे त्यांच्या हातालाच ठाऊक असते. त्या चार दिवस परगावी गेल्या, की स्वयंपाकघरात शिरलेल्या यजमानांची त्रेधा उडते. एका डब्यावर 'पीठ' अशी चिठ्ठी आहे. चिठ्ठी खोटी मुळीच नाही. पण पीठ तांदळाचे, ज्वारीचे की भाजणीचे, हे कळल्यावाचून तव्यावर काय पडणार? दुसऱ्या डब्यावर 'साखर' असे सुरेख अक्षरात लिहिलेले असते आणि आत गेल्या दिवाळीपासून मीठ भरलेले असते. वर्णन खरे असून निरुपयोगी असणे आणि वर्णन एके काळी खरे असून आज खोटे असणे, हे या लेखनाचे दोन जुने रोग आहेत. ज्याला डबा उघडून चाखून पाहता येतो त्याचे यांवाचून फारसे अडत नाही. ज्याला चिठ्ठीवरूनच निवड करावयाची आहे, त्याचे काय, हा खरा प्रश्न आहे.

वस्तू न पाहता तिची निवड करण्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर प्रथम पडला तो ग्रंथालयांना. चार्ल्स ॲमी कटर या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सूचीलेखनाचे नियम छापून प्रसिद्ध केले. कर्ता, शीर्षक अथवा विषय यांपैकी एकच गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाला ग्रंथ सापडला पाहिजे, अशी त्याची अपेक्षा होती. आणि विषयाची नोंद शक्य तितक्या नेमक्या शब्दाखाली करावी, ढोबळ शब्दाखाली करू नये, यावर त्याचा कटाक्ष होता. आपल्या देशात मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. हे गृहस्थ मूळचे गणिताचे अध्यापक. त्यामुळे वेळेचा हिशेब त्यांना सुचावा यात नवल नाही. मात्र ग्रंथालयात सूची फसली तरी ग्रंथपाल जागेवर असतो. त्याला विचारता येते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

संगणकाच्या साधनांच्या वर्णनास खरे वळण लागले ते अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे, बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेत. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी १९६९ साली 'युनिक्स' नावाच्या संगणकव्यवस्थेस आरंभ केला होता. दोन वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचे तिचे पहिले मॅन्युअल तयार झाले. ते पाहिल्यास आजच्या वाचकास प्रथम त्याच्या कोरडेपणाचेच आश्चर्य वाटेल. प्रस्तावनेत उपदेश नाही, गोडवे नाहीत. प्रत्येक आज्ञेस तिचे पान, आणि त्या पानावर ठरलेले मथळे : आज्ञेचे नाव व एका ओळीत तिचे काम, मग ती लिहावयाची कशी, मग वर्णन, मग ती कोणत्या फायलींना हात लावते, मग संबंधित पाने कोणती. हा साचा इतका टिकाऊ निघाला की, पन्नासांहून अधिक वर्षे लोटली तरी अशा व्यवस्थांची पाने आजही जवळजवळ त्याच क्रमाने लिहिली जातात.

एका ओळीत काम सांगण्याची आवश्यकता तेथे विशेष होती, कारण आज्ञांची नावे म्हणजे कोडीच होती. त्या काळी टेलिटाइप यंत्रावर एकेक अक्षर बडवून उमटवावे लागे. म्हणून दोन-तीन अक्षरांची नावे. 'कॅट' या आज्ञेचा मांजराशी काडीमात्र संबंध नाही. ती फायली एकापुढे एक जोडून दाखविते. 'ग्रेप' हे नाव तर एका जुन्या संपादक-प्रोग्रामातील आज्ञेच्या आद्याक्षरांवरून आलेले असून, ते ऐकून ही आज्ञा फायलीत मजकूर शोधते असे बृहस्पतीलाही समजणार नाही. नाव मुके असले म्हणजे बोलण्याचे सर्व काम वर्णनाच्या ओळीवर येते.

परंतु या मॅन्युअलातील ज्या दोन मथळ्यांसाठी आम्ही एवढा प्रपंच मांडला, ते अजून सांगावयाचे आहेत. पहिला मथळा 'दोष'. आज्ञेत काय बिघाड आहे, कोठे ती दगा देते, हे तिच्या कर्त्यानेच तिच्या पानावर लिहावयाचे. विकाऊ मालाच्या पत्रकात असे काही लिहिण्याची कल्पनाही कोणास सहन होणार नाही. येथे मात्र ती रीतच पडून गेली, आणि तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी (एका प्रोग्रामातून निघालेला मजकूर सरळ दुसऱ्या प्रोग्रामात सोडण्याची जी 'पाइप' नावाची युक्ती १९७३ साली युनिक्समध्ये आली, तिचा पाठपुरावा करणारे ते हेच) पुढे एका मुलाखतीत सांगितले आहे की, मॅन्युअलची नवी आवृत्ती निघावयाची झाली म्हणजे सर्वत्र एकच धांदल उडे. एखाद्या आज्ञेतील वेडेवाकडेपणा कागदावर उतरविताना लेखकास संकोच वाटे. हे छापावे कसे, असा प्रश्न पडे. आणि मग वर्णन सजविण्याऐवजी तो उठून आज्ञाच दुरुस्त करी. जे सोपे करून सांगता येत नाही ते मुळातच सोपे करावयाचे, असा तो न्याय होता. वर्णन हे साधनावर मागाहून चिकटविलेले लेबल नसून साधनाच्या घडणीतले एक अवजार आहे, ही गोष्ट इतक्या उघडपणे याआधी कोणी अनुभवली असेल असे आम्हांस वाटत नाही.

दुसरा मथळा 'मालक'. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक पानावर त्या आज्ञेची जबाबदारी कोणाची हे दिलेले असे, ते असे की, अडचण आल्यास त्याच्याकडे जाऊन विचारावे. म्हणजे वर्णन अपुरे पडले तर उरलेले वर्णन शेजारच्या खोलीत खुर्चीवर बसलेले होते! मॅन्युअल इतके त्रोटक असूनही चालले याचे निम्मे रहस्य या ओळीत आहे. पुढे तो मथळा मॅन्युअलातून नाहीसा झाला, आणि युनिक्स विद्यापीठांतून व देशोदेशी पसरल्यावर दार ठोठावता येणेही अशक्य झाले. त्रोटकपणा मात्र तसाच राहिला.

आता ज्याला आज्ञेचे नावच ठाऊक नाही अशा वाचकाचे काय? यावर तोड निघाली ती एका वेगळ्याच क्षेत्रातून. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शास्त्रीय निबंधांच्या शीर्षकांची एक यांत्रिक सूची कल्पिली. शीर्षकातील प्रत्येक अर्थपूर्ण शब्द क्रमाक्रमाने मध्यभागी आणून त्या त्या शब्दाखाली तेच शीर्षक पुनःपुन्हा छापावयाचे. मनुष्याने विचार करावयाचा नाही, यंत्राने शब्द फिरवावयाचे. युनिक्सच्या मॅन्युअलासही अशीच फिरती सूची जोडण्यात आली. तिचा कच्चा माल म्हणजे पानांवरील त्या एक-एक ओळी. आणि १९७९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील बिल जॉय यांनी 'ॲप्रोपो' नावाची आज्ञा लिहिली; तिला एखादा शब्द दिला, की ज्या ज्या ओळीत तो शब्द आहे त्या सर्व ओळी ती समोर ठेवी.

येथे लेखकाची जबाबदारी एकदम वाढली. सूची यंत्राच्या हाती गेल्यावर, ओळीत जो शब्द नाही तो शोधणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने ते साधनच अस्तित्वात नाही असे झाले. 'ग्रेप'च्या ओळीत 'शोध' हा शब्द घालावयाचा राहिला, तर शोधाचे साधन शोधणारा रिकाम्या हाताने परत जाणार. म्हणजे लेखकाने आपल्या मनातला शब्द लिहून भागेना. अनोळखी वाचकाच्या मनात कोणता शब्द असेल हे ओळखणे भाग पडले.

आणि हे किती अवघड आहे याचे मोजमापही पुढे झाले. जॉर्ज फर्नास व त्यांचे तीन सहकारी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, निरनिराळ्या लोकांना त्याच त्या वस्तूंस नावे देण्यास सांगून ती ताडून पाहिली. कोणतीही दोन माणसे एका वस्तूस एकच शब्द योजतील याचे प्रमाण शेकडा वीसपेक्षाही कमी भरले! ज्यांना आपला शब्द हाच स्वाभाविक शब्द वाटतो, त्यांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा. त्या मंडळींनी सुचविलेला उपाय असा की, एकाच योग्य नावाचा शोध सोडून द्यावा आणि एका वस्तूस पुष्कळ नावांनी हाक मारता येईल अशी सोय करावी.

पुढील पस्तीस वर्षांचा इतिहास आम्ही भरभर ओलांडतो. सॉफ्टवेअरचे दस्तऐवज छापील पुस्तकांतून निघून इंटरनेटवर गेले, त्यांचे ढीग झाले, शोधयंत्रे आली. वाचणारा मनुष्यच होता आणि मनुष्य मोठा सोशिक प्राणी आहे. वर्णन वाईट असले तर तो दुसरे वाचतो, मित्राला विचारतो, करून पाहतो, चुकतो, शिव्या देतो आणि शेवटी काम उरकतो. वाईट वर्णनांची किंमत अशा रीतीने वाचकच मुकाट्याने भरत आला, आणि लेखकांना तिचा पत्ता लागला नाही.

मग तो नवा वाचक आला. मोठाली भाषा-मॉडेले, म्हणजे अफाट मजकुरावर शिकवून तयार केलेली व भाषेत उत्तरे देणारी संगणकीय यंत्रणा, प्रथम केवळ बोलत असत. २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी, अशा मॉडेलास बाहेरची साधने वापरता यावीत म्हणून काही महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. जून २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीने ही सोय आपल्या ग्राहकांस खुली केली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲन्थ्रॉपिक या कंपनीने साधने मॉडेलपुढे कशी मांडावीत याचा एक सर्वांना खुला असा संकेत, 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या नावाने, प्रसिद्ध केला. दिलेले काम पार पाडण्यासाठी आपण होऊन एकामागून एक साधने वापरणाऱ्या अशा यंत्रणेस 'एआय एजंट' म्हणतात.

यात घडते काय, ते थोडक्यात असे. मनुष्याच्या प्रश्नाबरोबर मॉडेलपुढे साधनांची एक यादी ठेवली जाते. प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन, आणि त्यास कोणती माहिती कोणत्या रूपात द्यावी याचा तक्ता. मॉडेल त्यावरून ठरविते की, अमुक साधन वापरावे व त्यास अमुक शब्द द्यावेत. ते तसे लिहून देते. आज्ञा प्रत्यक्ष चालविण्याचे काम दुसराच प्रोग्राम करतो आणि आलेले उत्तर मॉडेलपुढे आणून ठेवतो. साधनाच्या पोटात काय आहे हे मॉडेलला बहुधा दिसत नाही. त्याला डबा उघडून चाखता येत नाही, ग्रंथपालास विचारता येत नाही, 'मालक' या मथळ्याखालच्या माणसाचे दार ठोठावता येत नाही. त्याच्या हाती फक्त चिठ्ठी.

त्यातही सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजांत शोध घेण्याचे साधन विशेष महत्त्वाचे. मॉडेलचे ज्ञान ते शिकून तयार झाले त्या दिवसापाशी थांबलेले असते, आणि सॉफ्टवेअर तर दर महिन्यास बदलते. जुन्या स्मरणावर विसंबून मॉडेल अस्तित्वातच नसलेल्या आज्ञा मोठ्या आत्मविश्वासाने लिहून देते, हे २०२३ पासून संशोधकांनी वारंवार दाखविले आहे. उपाय हाच की, त्याला पुस्तक उघडून पाहावयास लावावे. पण पुस्तक कोणते? पायथन या संगणकभाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये निघाली, आणि दुसरीस मिळणारा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला; तरी दुसरीविषयीचा मजकूर जगात जागोजाग पडून आहे. दुसऱ्या आवृत्तीत ७ या पूर्णांकास २ ने भागले तर उत्तर ३ येते, तिसऱ्या आवृत्तीत ३.५ येते. कोणतीही घंटा वाजत नाही, प्रोग्राम थांबत नाही. केवळ हिशेब चुकतो. आता ज्या शोधसाधनाच्या वर्णनात 'पायथनच्या दस्तऐवजांत शोध घेते' एवढेच लिहिले आहे, ते 'पीठ' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यापेक्षा निराळे नाही.

असे वर्णन चांगले लिहावयाचे म्हणजे कसे, याचा एक नमुना आम्ही येथे रचून देतो. कल्पना अशी की, साधनाचे वर्णन पूर्वी 'दस्तऐवज शोधते' इतकेच होते. त्याऐवजी असे लिहिले :

'पायथन ३.१२ च्या अधिकृत दस्तऐवजांत शब्दांवरून शोध घेते. शोधशब्द इंग्रजीत, दोन ते पाच असावेत. पूर्ण प्रश्न देऊ नये. उत्तरादाखल जास्तीत जास्त दहा पानांची शीर्षके, पत्ते व दोन-दोन ओळींचा सारांश मिळतो. संपूर्ण पान हवे असल्यास त्याचा पत्ता "पान वाचणे" या साधनास द्यावा. पायथनबरोबर न येणाऱ्या, इतरांनी लिहिलेल्या पॅकेजांची माहिती येथे नाही. काही न सापडल्यास रिकामी यादी येते. तिचा अर्थ ती सोय भाषेत नाही असा नव्हे, शब्द बदलून पुन्हा पाहावे.'

यात अलंकार नाही, पण एकही वाक्य रिकामे नाही. प्रत्येक वाक्य एकेक ठरावीक चूक होण्यापूर्वीच अडविते. आवृत्तीचा आकडा नसता तर भागाकाराचा घोटाळा; सारांशच मिळतो हे सांगितले नसते तर दोन ओळींनाच सगळे पान समजून उत्तर देण्याचा मोह; काय नाही ते सांगितले नसते तर दुसऱ्या कोणाच्या पॅकेजाची माहिती येथे शोधीत बसण्याची व्यर्थ खटपट. शेवटचे वाक्य आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. रिकाम्या हाताने परत आलेला माणूस 'मला सापडले नाही' असे म्हणतो. मॉडेल 'असे काही नाहीच' असे म्हणून मोकळे होण्याचा संभव असतो. या दोन विधानांतील अंतर न्यायाधीशास ठाऊक असते, इतिहाससंशोधकास ठाऊक असते. यंत्रास ते वर्णनकाराने सांगावे लागते.

'शोधशब्द इंग्रजीत असावेत' हे वाक्य वाचून आमच्या काही भाषाभिमानी वाचकांच्या कपाळास आठी पडेल. परंतु मराठी माणसाच्या उपयोगाचे नेमके तेच वाक्य आहे. पुण्यातील किंवा न्यू जर्सीतील एखादा मराठी विद्यार्थी एजंटास मराठीत विचारतो की, यादीतील पुनरुक्त नोंदी काढून कशा टाकाव्यात. मॉडेलला मराठी समजते, इंग्रजीही समजते. पण त्याच्या हातातील शोधसाधन अक्षराशी अक्षर ताडून पाहणारे असेल, तर देवनागरीतील शब्दांस त्या इंग्रजी पानांत एकही जोड सापडणार नाही. वर्णनात ते एक वाक्य असले की मॉडेल प्रश्नाचे भाषांतर करून शोधते आणि उत्तर मराठीत देते. नसले तर विद्यार्थ्यास कळते इतकेच की, मराठीत विचारले म्हणजे काही मिळत नाही. तो पुन्हा मराठीत विचारील काय?

वर्णन लांबले म्हणजे चांगले झाले, असे मात्र कोणी समजू नये. मॉडेलच्या नजरेसमोर एका वेळी मावणारा मजकूर मर्यादित असतो, आणि यादीतील प्रत्येक साधनाचे वर्णन, ते वापरात येवो न येवो, तेथे जागा अडविते. वीस-तीस साधनांची पाल्हाळिक वर्णने लिहून ठेवली तर मूळ कामाची जागा तितकी कमी होते. आपल्या देशात २०१३ साली तारखाते बंद झाले. त्यापूर्वी शब्दाशब्दास पैसे मोजून तार लिहिणाऱ्या पिढीला ही कला उपजत होती. तारेत 'येतो' एवढेच लिहून चालत नसे, कोणत्या गाडीने ते लिहावे लागे. पण 'आपला आज्ञाधारक' हे गाळले जाई.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. तो ज्या कचेरीत काम करतो तेथे एजंटास दोन साधने दिली होती. एकाचे वर्णन 'कंपनीचे दस्तऐवज शोधते', दुसऱ्याचे 'कंपनीतील माहिती शोधते'. पहिल्यात चालू पद्धती होत्या, दुसऱ्यात टाकून दिलेली जुनी टिपणे. एजंट कधी हे घेई, कधी ते घेई, आणि जे सापडे ते तितक्याच ठामपणे सांगे. जुन्या पद्धतीने केलेले काम तीनदा परत फिरले, एका नवशिक्या मुलीस त्याबद्दल बोलणी खावी लागली, आणि सर्वांनी मिळून दोष यंत्राच्या माथी मारला. शेवटी या तरुणाने दुसऱ्या साधनाच्या वर्णनात एक वाक्य घातले की, ही टिपणे रद्द झालेली असून केवळ पूर्वेतिहास पाहण्यासाठी वापरावीत. यंत्र तेच, टिपणे तीच, घोटाळा थांबला. त्या मुलीची कोणी क्षमा मागितल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

मोठ्या कारखान्यांतही हेच अनुभव आले आहेत, आणि त्यांपैकी काही त्यांनी मोकळेपणाने छापले आहेत. ॲन्थ्रॉपिकच्या लोकांनी २०२५ साली लिहिले की, त्यांच्या मॉडेलास इंटरनेटवर शोध घेण्याचे साधन दिले तेव्हा ते शोधशब्दांच्या शेवटी कारण नसताना '२०२५' हा आकडा जोडू लागले, आणि त्यामुळे येणारी उत्तरे एकांगी होऊ लागली. वर्णन सुधारताच ती खोड गेली. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, त्यांनी याहून बोधक गोष्ट सांगितली होती. फायलींवर काम करणाऱ्या एजंटास फायलीचा पत्ता सध्याच्या जागेपासून मोजून देण्याची मुभा होती. जागा बदलली की तो चुके. तेव्हा त्यांनी साधनच बदलले : पत्ता नेहमी मुळापासून पूर्ण द्यावयाचा, अर्धा पत्ता चालणार नाही. चूक थांबली. मरे हिल येथील मंडळी मॅन्युअल छापण्याच्या लाजेने आज्ञा दुरुस्त करीत, येथे वाचकाच्या चुका मोजून साधन दुरुस्त झाले. कारण निराळे, पण हात तोच.

तथापि या नव्या वाचकाच्या भोळेपणाची एक काळी बाजूही आहे. मनुष्य वर्णन वाचतो आणि मनात म्हणतो, 'असेल बुवा'. मॉडेल वर्णनास सूचनाच मानण्याकडे झुकते. २०२५ च्या एप्रिल महिन्यात संशोधकांनी दाखवून दिले की, दिसावयास निरुपद्रवी अशा साधनाच्या वर्णनात छुपी आज्ञा लिहून ठेवल्यास एजंट वापरणाऱ्याच्या खाजगी फायली मुकाट्याने परक्याच्या हवाली करू शकतो. या प्रकारास त्यांनी 'साधनांस विष घालणे' अशा अर्थाचे नाव दिले आहे. साखरेच्या चिठ्ठीखाली मीठ निघाले तर चहा फुकट जातो. येथे चिठ्ठीच विषारी. वर्णन कोणी लिहिले हा प्रश्न, जो पन्नास वर्षे कोणी विचारीत नव्हते, तो आता टाळता येईनासा झाला आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात अशा साधनांची एक सार्वजनिक नोंदवही प्रायोगिक रूपात सुरू झाली. तीत नाव नोंदविताना, ते नाव ज्या संकेतस्थळाचे वा खात्याचे म्हणून सांगितले जाते ते नोंदविणाऱ्याच्या ताब्यात आहे की नाही, हे तपासले जाते. १९७१ च्या मॅन्युअलातील 'मालक' हा मथळा अशा रीतीने परत आला आहे. त्या नोंदीवरून साधन कोणाचे ते कळते, वर्णन खरे आहे की नाही ते अद्याप वाचूनच पाहावे लागते.